झब्बूचं मौन

जबलपूर,
९ जानेवारी २०२६

गीते,

माझ्या हातचं पत्र बघून दचकू नकोस. जिवंत आहे, धडधाकट आहे, दोन्ही वेळ जेवते आहे. फक्त तोंड बंद आहे, आणि माझं तोंड बंद असणं म्हणजे काय, हे तुझ्याएवढं कुणाला कळणार?

ऑपरेशनच्या दिवशी तू होतीसच. स्वरतंतूवरची ती मुगाएवढी गाठ काढून डॉक्टरांनी बजावलं होतं, तीन आठवडे एक अक्षर नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं म्हणे जास्तच ताण पडतो. तू गेल्यावर चार दिवस कसेबसे काढले. पण फोन वाजला की 'हॅलो' निघतंच गं! जन्मभर आवाजावर पोट भरलं, आता गळा ऐकतो होय? शेवटी श्रीकांतदादा येऊन मला माहेरी घेऊन आला आणि सुमेधावहिनीनं पहिलं काम काय केलं, तर माझा फोन आपल्या कपाटात कुलूपबंद केला. "पंचवीस तारखेलोक हा माझ्यापाशी राहीन," म्हणाली. "लिहा न पत्रं. काहून नाही लिहीत?" मेसेज करायला काय झालं, असं तू म्हणशील. पण मी मेसेजही मोठ्यानं बोलत बोलत लिहिते, हे वहिनीनं एका दिवसात ओळखलं. कागदावर लिहिताना मात्र तोंड आपोआप मिटतं. शाळेतली सवय असावी.

दादानं सदर बाजारातून एक पाटी आणून गळ्यात अडकवली आहे. भाजीत मीठ कमी आहे, हे लिहून होईपर्यंत सगळ्यांची जेवणं उरकलेली असतात.

निघताना डॉक्टरांना लिहून विचारलं होतं, आवाज पहिल्यासारखाच येईल ना? ते म्हणाले, "येईल. पण पहिल्यासारखा येईल का, हे तो आल्यावरच कळेल." गीते, खरं सांगते, मी घाबरले आहे. नवव्या वर्षी इथल्याच रेडिओ स्टेशनवर स्टुलावर उभी राहून पोपट झाले होते. पुढे नभोनाट्यांत राण्या झाले, म्हाताऱ्या झाले; टीव्हीवरच्या नायिका, त्यांच्या आया, त्यांच्या सासवा झाले; साबण विकले, लोणची विकली. ते सगळे आवाज गेले तरी मी रडणार नाही. पण झब्बू गेला तर रडेन. चौदा वर्षं ते कार्टूनमधलं गाढवाचं पिल्लू माझ्या गळ्यात राहतंय. लोकांची लग्नं होतात, मी झब्बू वाढवला.

दोन फेब्रुवारीला त्याच्या सिनेमाचं रेकॉर्डिंग सुरू होणार. एकतीस जानेवारीपर्यंत थांबतो, असा शब्द दिग्दर्शक अपूर्वनं दिलाय. तिकडे कान ठेव आणि काय ते कळव.

तुझी मुकी,
क्षमा


गोरेगाव, मुंबई,
१३ जानेवारी

मुके क्षमे,

तुझं पत्र मी तुझ्याच आवाजात वाचलं, त्यामुळे गळा माझा दुखला. तुझ्या पाठीमागे इकडे फार शांतता आहे. स्टुडिओतल्या चहावाल्या काकांनी परवा विचारलं, "त्या भांडणाऱ्या ताई कुठे आहेत?" म्हणजे तुझी आठवण निघते बरं का.

काल जुनं काहीतरी आवरताना तुझा पहिला दिवस आठवला. एक्क्याण्णव साल. जबलपूरहून रेडिओवाली मुलगी आली आहे, असं सांगून तुला माझ्या शेजारी उभं केलं होतं. तुम्हा रेडिओवाल्यांची पद्धत, कागद वाजू नये म्हणून वाचून झालेलं पान हातातून अलगद खाली सोडायचं. तू सोडत गेलीस. दुपारपर्यंत तुझ्या पायाशी पानांचा सडा, आणि तेवढ्यात दिग्दर्शक म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून! आपण दोघी गुडघ्यांवर बसून पानं गोळा करत होतो आणि हसत होतो. मैत्री तिथेच झाली. ती पानं काही शेवटपर्यंत क्रमानं लागली नाहीत.

तू सिनेमाची काळजी करू नकोस. स्टुडिओत रंगकाम चालू आहे, त्यामुळे सगळंच बंद आहे. अपूर्व तुझीच वाट बघतोय. सगळं ठीक आहे. अगदी ठीक आहे.

तिळगूळ पाठवते आहे. गोड बोल म्हणायची यंदा सोय नाही, तेव्हा गोड लिही.

तुझी,
गीतांजली


जबलपूर,
१७ जानेवारी

गीते,

खाली बस आणि मग वाच. मी संत झाले आहे.

थट्टा नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनीनं कॉलनीतल्या बायका बोलावल्या. जी ती माझ्या हातावर तिळगूळ ठेवून "गोड बोला" म्हणे आणि मी नुसती हसत उभी. गाठ, ऑपरेशन, स्वरतंतू हे प्रत्येकीला सांगून सांगून वहिनी दमली आणि शेवटी शेजारच्या तिवारी भाभींना म्हणाली, "दीदी का मौन चल रहा है." आता यात खोटं काही नाही. पण नर्मदा जयंती तोंडावर आलेली. या दिवसांत जबलपूरमध्ये मौन म्हटलं की कुणाला गाठ आठवत नाही, व्रत आठवतं. तिवारी भाभी खाली वाकल्या आणि त्यांनी माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले, तर म्हणाल्या, "देखा, कितना विनय!"

डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितली म्हणून मी रोज सकाळी नर्मदेवर, ग्वारीघाटावर जाते. तिथे फुलं आणि दिवे विकणारी राधाबाई आहे. वडील अमरावतीकडचे, जन्म इथला. दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आत बातमी तिच्यापर्यंत पोचलेली. तिनं दुकानाशेजारी सतरंजी अंथरली होती. "बस न माय इथं. उभी काहून हाय? लोकं विचारून राहिले तुले."

मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'व्रत नहीं है. गले का ऑपरेशन हुआ है.' राधाबाईला वाचता येत नाही. एका मास्तरांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मग राधाबाईच म्हणाली, "देखो, कितनी सीधी हैं! बड़े लोग ऐसेच छुपाते हैं." दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट.

आता सांग, मी काय करू? एक बाई आली, सून दोन महिने बोलत नाही म्हणून रडायला लागली. मी लिहिलं, 'पहले आप बोलिए.' ती दुसऱ्या दिवशी खव्याची जिलबी घेऊन हजर! फौजेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. मुलीला शिकायला इंदूरला पाठवू की नको, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. गीते, आपला धंदा आवाजाचा. त्यांच्या आवाजात होकार आधीच बसलेला होता. मी तो फक्त पाटीवर उतरवला. बोलता येत नसलं की माणसं किती ऐकू येतात गं. आपण दोघींनी एवढी वर्षं दुसऱ्याचं वाक्य कधी संपतंय याकडेच कान लावला, कारण पुढचं वाक्य आपलं. मला इथे मजा येते आहे. फसवल्यासारखं वाटतं तेही खरं, पण मजा येते आहे.

घोळ एवढाच झालाय की पंचवीसला, ऐन नर्मदा जयंतीला, माझं मौन सुटणार हे दादाच्या तोंडून निसटलं. आता घाटावरच्या सगळ्यांना पहिला शब्द ऐकायचा आहे. मला तो शब्द एकटीनं, रजईखाली काढून बघायचा होता, लॉकडाऊनमध्ये घरी रेकॉर्डिंग करायचो तसा. निघाला तर निघाला, नाही निघाला तर कुणाला कळणार नाही.

आणि तू! स्टुडिओला दिवाळीत रंग लागला. ओल्या भिंतीला टेकून माझी नारळी काठाची साडी गेली, विसरलीस? मग आता कुठला रंग? आणि लागोपाठ दोनदा 'ठीक आहे'? एकच गोष्ट दोनदा सांगतेस तेव्हा तू खोटं बोलत असतेस. काय झालंय ते सरळ लिही.

क्षमा


गोरेगाव,
२१ जानेवारी

क्षमे,

रंगकाम नाही. स्टुडिओ चालू आहे.

अपूर्व त्याच्या शब्दाला धरून आहे, पण त्याच्या वरच्या लोकांना धीर नाही. हाताशी दुसरा आवाज तयार हवा म्हणतात. गेल्या आठवड्यात झब्बूसाठी सात मुली येऊन बोलून गेल्या. आठवी मी.

मला कुणी बोलावलं नव्हतं. मी आपणहून गेले. जाताना मनाशी म्हणत होते, चौदा वर्षं मी झब्बूची आई झाले आहे, पिल्लाला आईपेक्षा जास्त कोण ओळखणार? क्षमासाठी जागा धरून ठेवते, असंही म्हणून बघितलं. पण ते काही खरं नाही. "गधा हूँ जी, बुद्धू नहीं!" ही ओळ तू म्हणायचीस आणि काचेपलीकडे सगळे हसायचे, तेव्हा दर वेळी मला वाटायचं, एकदा ही माझ्या तोंडी यावी. तू असताना कधी धीर झाला नाही. तू गप्प झालीस आणि मी गेले. हे लिहिताना मला लाज वाटते आहे.

पहिल्या दोन वेळा म्हैस निघाली. तिसऱ्यांदा बरं झालं. अपूर्वनं हेडफोन काढले आणि म्हणाला, "एकतीसपर्यंत क्षमाताईंना जमलं नाही, तर तुम्ही करा." मी हो म्हणाले. घरी आले आणि ताटावरून उठले.

शिव्या दे. चार पानं भरून दे. पण रविवारी नक्की काय होतं ते मला कळव. तुझा आवाज परत यावा असं मला वाटतं, आणि त्यात आता मी कसलाही 'पण' घालत नाही.

गीता


जबलपूर,
२६ जानेवारी

गीते,

तुझं पत्र शनिवारी आलं. चिडले. पाटीवर तुझं नाव लिहिलं आणि त्याखाली जे लिहिलं, ते वहिनीनं वाचायच्या आत पुसलं. तिनं विचारलं, "काय झालं वन्सं? पाटी काहून फोडून राहिल्या?" मग जरा वेळानं आठवलं. शहाण्णव साली तुला टायफॉइड झाला होता आणि तुझी ती मालिकेतली नायिका चार भाग मी बोलले होते. मलाही कुणी बोलावलं नव्हतं. स्टुडिओत फोन करून मीच म्हटलं होतं, मी आहे. तू आजवर एका शब्दानं बोलून दाखवलं नाहीस. तेव्हा फिट्टंफाट. पुन्हा हा विषय काढायचा नाही.

आता रविवारचं ऐक.

शनिवारी इथल्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून बघितलं. जखम भरली होती. उद्यापासून दिवसाला दहा मिनिटं, तीही हळू, म्हणाले. सकाळी घाटावर गेले तर पाय ठेवायला जागा नाही. राधाबाईनं झेंडूचा हार घातला. दादाचा चेहरा उतरलेला. "चल, परत जाऊ. मी सांगतो न यांना काहीतरी," म्हणाला. मलाही पळूनच जायचं होतं. पण त्या सतरंजीवर बसून लोकांनी मला मनातलं सांगितलं होतं आणि मी त्यांच्यापुढे नुसती पाटी धरली होती. एक शब्द तरी मी त्यांचं देणं लागत होते.

'नर्मदे हर' म्हणायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं. हवा आली, नुसती हवा. पुन्हा प्रयत्न केला, तर घशात काहीतरी करकरलं आणि थांबलं. समोर माणसं डोळे मिटून, हात जोडून उभी. मला वाटलं, संपलं. पोपटापासून जे सुरू झालं ते या घाटावर, हारासकट संपलं.

तिसऱ्यांदा मी क्षमाचा आवाज शोधायचं सोडून दिलं. टाळूच्या मागे, नाकाच्या मुळाशी झब्बूची जागा आहे ना, तिथे आपोआप गेले. आणि निघाला गं! "नर्मदे हर!" भरल्या घाटावर, गाढवाच्या पिल्लाच्या आवाजात!

अर्ध्या लोकांनी "हर" म्हटलं आणि अर्धे थबकले. तेवढ्यात बापाच्या खांद्यावर बसलेली एक मुलगी किंचाळली, "पापा, झब्बू!" पलीकडून आणखी एक ओरडलं. मग जिकडे तिकडे तेच. पोरं मोठ्यांच्या पायांतून वाट काढत सतरंजीपर्यंत आली. "बुद्धू वाला बोलो! बुद्धू वाला!" मी म्हटलं, "गधा हूँ जी, बुद्धू…" आणि 'नहीं'वर आवाज फाटला. वर जाता जाता मध्येच घसरून खाली घोगरा झाला. गीते, तो पूर्वीचा आवाज नव्हता. मला ते त्याच क्षणी कळलं.

ती मुलगी खांद्यावरून उतरून आता माझ्यासमोर उभी होती. पाच-सहा वर्षांची असेल. तिनं मान तिरकी करून मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "झब्बू, तुम बड़े हो गए क्या?"

मी म्हटलं, "हाँ जी. थोड़ा-सा."

तिला ते पटलं. बाकीच्या पोरांनाही पटलं. मला एवढा आनंद झाला की तिथेच सतरंजीवर बसून रडले. लोकांना वाटलं, तेही व्रतातलंच.

राधाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. "आठ दिवस तुह्या पाया पडून राहिली मी, अन तू गाढव निघाली!" मी दोन्ही कान पकडले. ती आधी रागानं बघत राहिली, मग तिचा पदर तोंडाला गेला आणि खांदे हलायला लागले. "अजून एकदा ओरड न माय," म्हणाली, "गर्दीत मले नीट ऐकू नाही आलं." सुनेचं बोलणं सुरू झालेल्या त्या बाईनं मात्र जाताना पुन्हा पाया पडून घेतलं. म्हणाली, गधा हो या संत, बहू तो बोली.

घरी येऊन रजई डोक्यावर घेतली आणि दादाच्या फोनवर पाच ओळी बोलून अपूर्वला पाठवल्या. फाटलेला 'नहीं' तसाच ठेवला, लपवला नाही. त्याला तो चालला नाही, तर काम तू कर. हे मी मोठ्या मनानं लिहीत नाही, माझं मन काही एवढं मोठं नाही. पण झब्बू दुसऱ्या गळ्यात जायचाच असेल, तर तुझ्या जावा.

क्षमा


गोरेगाव,
३ फेब्रुवारी

क्षमे,

फोन केला असता. पण तुला दिवसाची दहाच मिनिटं मिळतात आणि ती झब्बूची आहेत, माझी नाहीत.

अपूर्वनं तुझ्या पाच ओळी हेडफोन लावून ऐकल्या. मग दार लावून ऐकल्या. मग मला बोलावून स्पीकरवर लावल्या आणि त्या 'नहीं'ला माझ्याकडे बघितलं. मी तुझं पत्र पर्समधून काढलं आणि त्या मुलीचं वाक्य त्याला वाचून दाखवलं. त्यानं ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाला, "चौदा वर्षं आपण त्याला सहा वर्षांचाच ठेवलाय, गीताताई. मी कॉलेजात असताना तो सहाचा होता, आता माझी मुलगी सहाची झाली." त्यानं लेखकाला बोलावून घेतलं. सिनेमात आता झब्बूचा आवाज फुटतो आणि म्हणून कळपात त्याला कुणीच ओळखत नाही, अशी सुरुवात आहे. वरच्या लोकांनाही त्यानं ते ऐकवलं. ते म्हणाले, हाच आवाज हवा, दुसऱ्या कुणालाही हा काढता येणार नाही. खरं आहे. मी घरी काढून बघितला, खोकला आला.

वाईट वाटलं का, विचारशील. वाटलं. संध्याकाळपर्यंत. मग अपूर्वनं मला माझा पहिला प्रसंग दिला. झब्बू घरी येतो, दाराबाहेरून आईला हाक मारतो आणि त्याचा आवाज बदललेला म्हणून आईला तो ओळखू येत नाही. आईला एवढंच म्हणायचंय, "कौन है?" अगदी परक्या माणसाला विचारावं तसं.

काल मी ते करायला उभी राहिले. कानात हाकेच्या जागी तुझ्या रजईखालच्या ओळी लावल्या होत्या. अकरा वेळा केलं, क्षमा. अकराही वेळा "कौन है" म्हणताना मला हसू फुटलं. अपूर्व काचेमागून हात जोडून सांगत होता, "ताई, प्लीज, तुम्हाला तो ओळखायचा नाहीये!"

लवकर ये. एकटीनं हे मला जमत नाही.

गीता